सतरा नंबरचा खांब

स्नेहलतागंजातल्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
मी जमिनीचं खचणं मोजते.
जमीन इंदूरची नाही. परासियाच्या पलीकडली,
जिच्या खाली कोळसा होता, ती.
दर बारा दिवसांनी उपग्रह तिच्यावरून जातो,
दर बारा दिवसांनी ती थोडी आणखी उतरलेली असते
आणि मी तिला रंग देते.
हिरवा म्हणजे जागेवर,
पिवळा म्हणजे बघू,
लाल म्हणजे पत्र पाठवा.

खांब रोवले तेव्हा मी गेले होते तिथे.
एक्केचाळीस सिमेंटचे खांब, डोक्यावर पितळी बटण,
शेतं, गोठा, शाळेचं मैदान, सगळं ओलांडत एका रांगेत.
पट्टी धरायला मंगतू उइके होता.
पट्टी अशी सरळ धरायचा की बुडबुडा लाजावा.
त्याच्या बापानं खाली खाणीत
छत पेलायला कोळशाचे खांब सोडले होते;
वीस वर्षांनी तेच खांब काढायला
मंगतूचा भाऊ उतरला.
"वर तुम्ही रोवताय, खाली आम्ही काढतोय,"
मंगतू म्हणाला.
चेष्टा नव्हती. दुधाचा हिशेब सांगावा तसं.

डिसेंबरपर्यंत सतरा नंबर
दोनशे बारा मिलिमीटर खाली गेला होता.
जानेवारीत तो अडतीस वर आला.

जमीन वर येत नाही.
मी यंत्र तपासलं, वही तपासली,
जिथून निघालो त्याच बिंदूवर परत येऊन
चूक किती उरते ते पाहिलं: चार मिलिमीटर. चालतं.
मग फोन केला.
मंगतू बराच वेळ काही बोलला नाही,
मागे कोंबड्या बोलत होत्या.
मग म्हणाला, खांब फूलवती कुमरेच्या अंगणात आहे ना,
पोरांच्या पायाला बटण लागायचं,
तिनं वर सिमेंट थापलं. घागर ठेवते आता.
विहीर ऑगस्टातच कोरडी पडली, टँकर येतो,
घागर कुठेतरी ठेवायला हवीच.

म्हणजे एवढंच.
पृथ्वी अडतीस मिलिमीटर वर आली होती
एका घागरीखाली.

फूलवतीनं फोन हातात घेतला.
माझा आकडा ऐकून घेतला आणि म्हणाली,
तुमचं तुम्ही बघा,
माझ्या परातीत पाणी दिवाळीपासून
चिंचेच्या बाजूला जातं.
कशाला खोटं सांगू, दुसऱ्या बाजूला
बोटभर काठ कोरडा राहतो.

मी नकाशा उघडला.
चिंच बरोबर त्या अंगाला, जिकडे खळगा खोल होत चाललाय.
कलणं मीटरला नऊ मिलिमीटर.
दोन फुटांच्या परातीत साडेपाच.
बोटभर नाही, पण
करंगळीचं नख नक्की.

अहवालात चौदा रकाने असतात.
शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
खांब १७, वाचन अग्राह्य, घागर.
वळसंगकर सरांनी "घागर" खोडलं,
"स्थानिक अडथळा" लिहिलं,
आणि चहा मागवला. माझ्यासाठीपण.

लोकमान्यनगरात आमचं घर काळ्या मातीवर आहे.
पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं,
वैशाखात त्याच दाराखालून पाल आत येते.
बाबा दरवर्षी सुताराला बोलावतात, दरवर्षी तो रंधा मारतो,
आता दार इतकं झिजलंय की कडी लोंबते.
पण आमची माती फुगते आणि परत बसते;
तिला परत येणं ठाऊक आहे.
हे मी फूलवतीला कसं सांगणार होते?
आणि सांगून काय.

त्या रात्री परातीत पाणी घेतलं,
स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली,
पाणी हलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली.
भिंतीच्या बाजूला जरा जास्त वाटलं.
परात फिरवून पाहिली.
आता ओट्याच्या बाजूला.
म्हणजे परातच वाकलेली.

बहुतेक.

मी ती तिसऱ्यांदा फिरवत होते तेव्हा
बाबा दारात येऊन उभे राहिले,
परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि विचारलं,
कणीक कशात मळणार मग?